बॅटरी गेली आहे, असे मी सांगितले होते

गेल्या वर्षी एके दिवशी सकाळी सातच्या सुमारास माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. छातीत जरा जड वाटते आहे, गॅस असेल, पण एकदा दाखवून येऊ, तू गाडी घेऊन ये, असे तो म्हणाला. मी कॉफी घेत वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. त्या महिन्यात त्याने मला चौथ्यांदा बोलावले होते: एकदा बँकेसाठी, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, एकदा पापनाशमच्या देवळात. मी म्हणालो, "अण्णा, गाडी सुरू होत नाही. बॅटरी गेली आहे."

बॅटरी गेली नव्हती. मला उठावेसे वाटले नाही, एवढेच कारण होते. याहून मोठे कारण मी वर्षभर शोधले आणि मला ते सापडले नाही.

अण्णा आणि वहिनी ऑटोने हॉस्पिटलात गेले. दोन तासांनी वहिनींचा फोन आला, तेव्हा मी त्याच गाडीने तिथे पोचलो. गाडीत नवी बॅटरी घालून आणली, डीलरकडून, असे मी आल्याआल्याच सांगितले. वहिनींनी एकच प्रश्न विचारला, जुनी परत दिली का. मी दिली म्हणालो. अण्णा तिसऱ्या दिवशी गेला. अर्धा तास आधी आणले असते तरी काही फरक पडला नसता, असे डॉक्टर आपण होऊन म्हणाले. ते मला पुरायला हवे होते.

अण्णाला मूलबाळ नव्हते, म्हणून क्रियाकर्माचा कर्ता मी झालो. दर महिन्याच्या तिथीला, ज्याला आम्ही मासिक म्हणतो, मी त्याच्या नावाने तिळाचे पाणी सोडले. प्रत्येक वेळी मनात एकच गोष्ट येत असे: त्याला कळले होते का? मी खोटे बोलतो आहे हे ऑटोत बसताना त्याला ठाऊक होते का? हे सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती, आणि तिला विचारायचे तर आधी स्वतःचे खोटे कबूल करावे लागणार होते. त्यामुळे मी विचारले नाही. दुःख म्हणावे असे मला त्या वर्षात फारसे काही झाले नाही. शाळेत जात होतो, हिंदी शिकवत होतो, पेपर तपासत होतो. हातपाय बधिर झाल्यावर जसे वाटते, तसे सगळीकडे वाटत होते.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी मी वहिनींच्या घरी गेलो. तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्या आता एकट्या राहतात. श्राद्ध तिरुवैयारुला, कावेरीच्या काठी करायचे ठरले होते आणि शास्त्रींनी सकाळी नऊची वेळ दिली होती. दर्भ, तीळ आणि तांदूळ वहिनींकडे ठेवून निघालो. किल्ली फिरवली तर गाडीतून कट् कट् असा आवाज आला आणि पुढचे दिवे मंद झाले. परीक्षेच्या दिवसांत ती बारा दिवस उभीच होती.

या वेळी बॅटरी खरोखर गेली होती.

मी डीलरला फोन केला. माणूस उद्या अकराला येईल, असे ते म्हणाले. खरे तर ते ऐकून मला बरे वाटले. त्यांच्या संगणकावर माझ्या गाडीच्या नावे गेल्या वर्षी काहीही बदलल्याची नोंद नव्हती, आणि तो माणूस वहिनींच्या दारात उभा राहून ते बोलला असता.

वहिनी पायरीवर आल्या. टॅक्सी सांगा, असे त्या सहज म्हणाल्या. मी म्हणालो, नको, तुम्हाला मी याच गाडीने नेणार आहे. माझ्या आवाजात काहीतरी असावे, कारण त्यांनी माझ्याकडे थोडा वेळ पाहिले आणि मग आत जाऊन पान्यांचा डबा आणून दिला.

"मग इथेच बदला. दहा नंबरचा पाना लागेल."

वहिनींविषयी एक गोष्ट सांगायला हवी. त्या तीस वर्षे सरकारी बस डेपोच्या स्टोअर्समध्ये कारकून होत्या. टायर, फिल्टर, बॅटऱ्या त्यांच्या सहीशिवाय बाहेर जात नसत. ज्या बाईला बॅटरीविषयी खोटे सांगू नये अशी तंजावरात एकच बाई असेल, तर ती माझी वहिनी होती. आणि मी तेच खोटे निवडले होते.

त्या आत जातील म्हणून मी थांबलो. त्या गेल्या नाहीत. खुर्ची आणून उंबऱ्याशी बसल्या. मी बॉनेट उघडले आणि बॅटरी त्यांना दिसू नये अशा बेताने वाकून उभा राहिलो. पाना लाल तारेच्या नटाला लावला.

"काळी आधी," त्या म्हणाल्या. "लाल आधी सोडाल आणि पाना बॉडीला लागेल, तर उद्या दोघांचं श्राद्ध करावं लागेल. आणि तुमचं करायला कोण आहे?"

मी काळी तार सोडली. टोकांवर हिरवट पांढरी भुकटी साचली होती. वहिनींनी गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून आणला, मी तो ओतला, तशी ती भुकटी फसफसून वाहून गेली. मग लाल तार, मग बॅटरी धरून ठेवणारी पट्टी. पट्टीचा नट गंजला होता. तो सुटायला बराच वेळ लागला. हे सगळे मी प्रथमच करत होतो. शाळेत मी तीस वर्षे दुसऱ्याची वाक्ये दुरुस्त केली, पण नट कोणत्या बाजूला सुटतो हे मला दोनदा चुकून कळले.

बॅटरी उचलली तेव्हा ती वाटली होती त्याहून जड निघाली. मी ती लगेच पोत्यात घालू लागलो. वहिनी म्हणाल्या, थांबा, वर आम्ल आहे, नेसलेली वेष्टी जळेल. त्यांनी ओले फडके घेतले आणि बॅटरीचा माथा पुसला. पुसता पुसता त्यांचा हात एका कोपऱ्यावर थांबला. तिथे उठावाची काही अक्षरे आणि आकडे होते. त्यांनी चष्मा लावला. मला त्यातले काही वाचता येत नव्हते. त्यांना येत होते.

"ही गाडीबरोबर आलेली," त्या म्हणाल्या. "चार वर्षांची."

"होय."

त्यांनी फडके पिळले, पाणी तुळशीपासून दूर नेऊन टाकले. मी वाट पाहत उभा राहिलो. मग त्या म्हणाल्या, की हीच बरोबर घेऊन जा, दुकानदार लाल तारेचे टोक डाव्या हाताला की उजव्या हाताला ते विचारेल आणि तुम्हाला सांगता येणार नाही. जुनी पाहिल्याशिवाय नवी द्यायची नाही, एवढेच आपण सरकारात शिकलो, असेही म्हणाल्या.

ऑटोत मी ती बॅटरी मांडीवर घेऊन बसलो. जुन्या बसस्टँडपर्यंत दहा मिनिटे लागली असतील. त्या दहा मिनिटांत मला भीती वाटायला हवी होती, लाज वाटायला हवी होती. माझे लक्ष मात्र फक्त वजनाकडे होते. दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्याने जुनी बॅटरी फिरवून पाहिली, छान टिकली, सार, असे म्हणाला, त्याच मापाची दुसरी काढली आणि वॉरंटीच्या कार्डावर चालू महिना आणि वर्ष यांवर पंचने दोन भोके पाडली. गेल्या वर्षी अशी भोके कोणत्याही कार्डावर पडली नव्हती. हे मला आधीच ठाऊक होते, तरी मी त्या कार्डाकडे बराच वेळ पाहत राहिलो.

इथे एक कबुली द्यायला हवी. मी हे देवनागरीत लिहितो आहे. आम्हा तंजावरच्या मराठी लोकांत ही लिपी वाचणारे थोडे. मला हिंदीमुळे येते. वहिनींना येत नाही. आम्ही घरी जी मराठी बोलतो, तीही मी इथे पुस्तकी मराठीत बसवून मांडतो आहे. म्हणजे जे लिहितो आहे ते ज्यांनी वाचायला हवे त्यांना वाचता येणार नाही अशा अक्षरांत लिहितो आहे. या सवयीचा मला आता कंटाळा आला आहे, पण ती सुटलेली नाही.

परत आलो तेव्हा वहिनी तिथेच होत्या. नवी बॅटरी बसवली. या वेळी लाल आधी, काळी शेवटी. त्यांना सांगावे लागले नाही. त्यांनी व्हॅसलिनची डबी पुढे केली आणि मी दोन्ही टोकांना ते लावले. मग हातात काही काम उरले नाही.

"वहिनी, त्या दिवशी बॅटरी गेली नव्हती."

"ठाऊक आहे."

"आज पाहिलंत म्हणून?"

"त्याच दिवशी. आयतवार होता, भावजी. आयतवारी कोणता डीलर उघडतो?"

एवढी साधी गोष्ट वर्षभर माझ्या ध्यानात आली नव्हती. मी वाराचा विचारच केला नव्हता. सुट्टी होती म्हणूनच तर मी वर्तमानपत्र घेऊन बसलो होतो.

मग मी तो प्रश्न विचारला. अण्णाला कळलं होतं का?

वहिनींनी डबीचे झाकण लावले. त्या सांगू लागल्या, तेव्हा त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. स्टोअर्समधला माल मोजून दाखवावा तसे त्या एकेक सांगत होत्या. ऑटोत बसल्यावर अण्णा स्वतःच्या छातीविषयी काही बोलला नाही. माझ्याविषयी म्हणाला, तो एकटा गाडी ढकलत बसेल. त्याची पाठ बरी नाही. त्याला फोन कर आणि सांग, राहू दे म्हणून.

"दोनदा सांगितलं त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "मी केला नाही फोन. तुम्ही खोटं बोललात असं मला तेव्हाच वाटलं होतं. म्हटलं, ढकलत असाल तर ढकला."

म्हणजे अण्णाने विश्वास ठेवला होता. वर्षभर मला वाटत होते की हे कळले तर सुटल्यासारखे होईल. तो मला खोटारडा समजून गेला नाही. हेच तर मला हवे होते. मी बॉनेटला हात टेकून उभा होतो आणि सुटल्यासारखे काहीही होत नव्हते. त्याला कळले असते तर तो चिडला असता. चिडून गेला असता तर ते निदान आम्हा दोघांमधले काहीतरी राहिले असते. तो माझ्या पाठीची काळजी करत गेला.

"तुम्ही मला का नाही विचारलंत?" मी म्हणालो.

"तुम्ही कर्ता. दर महिन्याला पिंड तुमच्या हातून जायचा. दुसरं कोण होतं?" मग पाने डब्यात ठेवत, "आपण होऊन सांगाल असंही वाटलं. पहिल्या मासिकाला वाटलं. दुसऱ्याला वाटलं. मग वाटायचं थांबलं."

त्यांनी गाडी सुरू करून पाहायला सांगितले. पहिल्याच किल्लीला झाली. डॅशबोर्डवरचे घड्याळ बारावर जाऊन लुकलुकत होते. ते कसे लावायचे हे मला येत नव्हते. मी तसेच राहू दिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेवर तिरुवैयारुला पोचलो. वाटेत आम्ही फक्त भाताच्या लावणीविषयी बोललो. शास्त्री तमिळ, वर्षभर मासिकेही त्यांनीच करवली होती. मंत्र ते सांगत आणि मी म्हणत असे. बाकीचे बोलणे तमिळमध्ये. वहिनी वरच्या पायरीवर बसल्या. पिंड झाले. ओंजळीत तिळाचे पाणी घेऊन मी गुडघाभर पाण्यात उभा राहिलो. शास्त्रींनी अण्णाचे गोत्र आणि नाव उच्चारले आणि मी ते पुन्हा म्हणायचे होते.

मी नाव म्हणालो आणि पुढे गेलो नाही. मग आमच्या घरच्या मराठीत, मोठ्याने, कारण हळू बोलणे मला त्या वेळी खोटेपणा वाटला, मी अण्णाला सांगितले की त्या दिवशी बॅटरी चांगली होती. मी कॉफी पीत होतो. मला उठायचे नव्हते. मी काही ढकलत नव्हतो. माझी पाठ बरी आहे. हे सगळे सांगायला फार वेळ लागला नाही. डोळ्यांत पाणी आले नाही, आवाजही हलला नाही. ओंजळीतले पाणी मात्र मधल्या मध्ये बोटांतून निघून गेले आणि तळहातांवर नुसते तीळ राहिले.

शास्त्री मंत्र थांबवून उभे होते. माझे संपल्यावर त्यांनी वर पाहिले आणि वहिनींना तमिळमध्ये विचारले, "अम्मा, तुम्हा लोकांत या ठिकाणी असं काही म्हणायचं असतं का?"

वहिनी म्हणाल्या, "हो, आमच्यात म्हणतात."

शास्त्रींनी मान हलवली. त्यांनी माझ्या ओंजळीत पुन्हा पाणी घातले आणि नाव पहिल्यापासून सांगितले.