सतीच्या हातातल्या बांगड्या

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

आज औंढ्यात भाच्याच्या नव्या नवरीला देवदर्शनाला नेलं. देवळामागे सतीचा दगड आहे. नवरीनं त्याला हळद-कुंकू लावायचं, ही आमच्याकडची रीत.

तिनं विचारलं, "यावर हात का कोरलाय?"

शेजारचे आबा म्हणाले, "नवऱ्याच्या चितेवर गेलेल्या बाईचा हात हाय. बांगड्या म्हंजी सवाष्ण गेली. वर चांद-सूर्य हायेत ना, ते हायेत तवर तिचं नाव ऱ्हाणार."

"नाव काय तिचं?" मी विचारलं.

"ते न्हाई ठावं."

हा दगड रोज धुते ती माझी आत्या, नवरा वारल्यावर माहेरी परतलेली. आजही तिनंच घासला होता. पण नवरी पुढं येताच तिची सासू, माझी वहिनी, म्हणाली, "आत्या, तुमी जरा लांब व्हा." आत्या बादली उचलून बाजूला झाली. आणि मी, शाळेत पोरांना शिकवणाऱ्या बाईनं, नवरीपुढं हळद-कुंकवाचं ताट धरलं.

सगळे गेल्यावर आत्या ओघळलेली हळद पुसत म्हणाली, "तवाच मी बी जळले असते, तर आज मला बी हळद-कुंकू लावलं असतं."

तुम्ही तिला काय उत्तर दिलं असतं?