प्यो मास्तरांचा पांढरा डबा

बाराची घंटा झाली की प्यो मास्तर खिशातून बांबूची एक लांब काडी काढायचे. वर्गातली अठ्ठावन्न पोरं आपापल्या डब्याची झाकणं उघडून, हात मांडीवर ठेवून, गुपचूप बसायची. मास्तर रांगेतून फिरत. ज्या डब्याचा संशय येईल त्यात काडी उभी खुपसायची, तळापर्यंत न्यायची आणि हलकेच उचलायची. वर काय दिसतंय याला काही अर्थ नव्हता. वर सगळ्यांचेच जव असायचे. खरा डबा तळाशी असायचा.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. देशाला तांदूळ पुरत नव्हता, म्हणून सरकारचा हुकूम होता: भातात दहातले तीन भाग जव हवेतच. बुधवारी आणि शनिवारी दुपारी खाणावळीतसुद्धा भात मिळत नसे. तांदळाची दारू करायला बंदी होती, त्यामुळे म्हातारे गव्हाच्या पिठाच्या दारूला शिव्या घालत तीच पीत. आणि शाळेत मास्तरांनी रोज डबे तपासायचे.

पोरं काही कमी नव्हती. गिरणीवाल्याच्या दोक-मानचा डबा म्हणजे तळाला तळलेलं अंडं, त्यावर पांढराशुभ्र भात आणि सगळ्यात वर बोटभर जवांचा थर. अंडं मित्रांपासून लपवलेलं, भात मास्तरांपासून. ज्यांच्या घरी तेवढेही जव नसत ते घंटेआधी क्योंग-जाकडे पळत. क्योंग-जाची आई बाजारात पालेभाजी विकायची. तिच्या डब्यात नुसते जव असत.

"एक चमचा जव दे ना."

"दोन चमचे भात."

"काल एकच घेतलास!"

"काल मंगळवार होता. आज बुधवार. नको असेल तर जा, मास्तर आलेच बघ."

हे सगळं प्यो मास्तरांना ठाऊक होतं. क्योंग-जाच्या डब्यात एका कोपऱ्यात पाच-सहा चमचे पांढरा भात दिसला तरी त्यांची काडी तिथे कधी गेली नाही. पकडलेल्या पोराला मात्र ते तळहातावर पट्टीचा एक फटका द्यायचे, हळू, आणि देताना त्यांचे कान लाल व्हायचे. कारण मास्तरांचा स्वतःचा डबा अख्खा पांढरा होता. तळापासून झाकणापर्यंत. म्हणून ते दुपारी मास्तरांच्या खोलीत जेवत नसत. "माझं पोट जरा नाजूक आहे," असं सांगून शाळेमागच्या नकाशांच्या खोलीत जायचे आणि जगाच्या नकाशाकडे तोंड करून पाच मिनिटांत डबा संपवायचे.

डबा भरायची त्यांची आई. गावात तिला नामवोनवाली म्हणत, कारण लग्न होऊन ती नामवोनहून आली होती. बुटकी, आवाज मोठा, आणि एकदा नाही म्हटलं की नाही. प्यो मास्तर, म्हणजे तिचा योंग-सिक, सात वर्षांचा असताना एका वसंतात घरातला तांदूळ संपला होता आणि शेतातले जव अजून हिरवे होते. दर वर्षी ते दोन महिने असेच जायचे. त्या वर्षी ती पाइनची कोवळी साल कुटून तिची पेज करायची. पोराने एकदा शेजारच्या लग्नात पांढरा भात पाहिला आणि ताटापुढे बसून रडला. खायचं सोडून नुसता रडला. तेव्हा ती म्हणाली होती, "मास्तर हो. मग तुझ्या ताटात जवाचा दाणा दिसला तर माझं नाव बदल."

पोरगा मास्तर झाला. आईने शब्द पाळला. नवरा गेला होता, घरात दोघंच. ती त्याला खोलीत चौरंगावर वाढायची आणि स्वतः मागून, खाली स्वयंपाकघरात, चुलीपुढच्या पायरीवर बसून काय ते खायची. सगळ्याच घरांत असं चाले. पुरुषांनी त्या पायरीखाली उतरायची पद्धत नव्हती, आणि तिथे काय शिजतं हे विचारायचीही नव्हती.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी हेडमास्तरांनी सगळ्यांना बोलावलं.

"बुधवारी जिल्ह्याचे साहेब येतायत. डबे बघायला. आणि या खेपेला आधी आपले डबे. मास्तरांचे."

सगळे हसले. प्यो मास्तरही हसले, पण अर्ध्यावर थांबले.

"हसू नका. नदीपलीकडच्या शाळेत एकाच्या डब्यात पांढरा भात सापडला. बदली झाली त्याची बेटावर. आठवड्यातून एक होडी जाते तिथे."

घरी जाताना प्यो मास्तरांच्या डोक्यात ती होडीच होती. आई बेटावर येणार नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. टेकडीवर नवऱ्याची समाधी होती. तिथलं गवत ती दुसऱ्या कुणाला कापू देत नसे.

"आई, मंगळवारपासून डब्यात जव घाल."

"नाही."

"आई, बुधवारी साहेब येणार आहेत."

"येऊ दे. मी काय त्याच्या घरचा तांदूळ चोरलाय?"

"माझी बेटावर बदली होईल. मग इथे एकटी राहशील?"

नामवोनवाली मुळा चिरत होती. सुरी थांबली. ती म्हणाली, "बरं. घालते."

इतक्या लवकर ती कधी हो म्हणत नसे. म्हणून मंगळवारी मास्तरांनी नकाशांच्या खोलीत डबा उघडला तेव्हा वरचे जव पाहून ते खूश झाले, पण हाताची सवय जाते थोडीच. त्यांनी खिशातली काडी काढली आणि उभी खुपसली.

बोटभर जव. खाली पांढरा भात. तळाशी तळलेलं अंडं.

संध्याकाळी त्यांनी रिकामा डबा आईपुढे ठेवला. "आई, ही युक्ती माझ्या वर्गातली दहा वर्षांची पोरं करतात."

"मग चांगल्या घरची पोरं आहेत."

"मी रोज पकडतो त्यांना!"

"तुझा साहेब तुझ्याइतका हुशार असता तर साहेब झाला असता का?" असं म्हणून ती डबा घासायला घेऊन गेली.

त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली होती. जवाचा भात पोटात गप्प बसत नाही, हे सगळ्या देशाला माहीत आहे. दुपारच्या पहिल्या तासाला वर्गात बाक वाजायचे आणि पोरं एकमेकांकडे बोट दाखवायची. मंगळवारी असाच एक आवाज झाला. हशा पिकला. मास्तर ओरडले, "कोण आहे तो?" क्योंग-जा उभी राहिली आणि म्हणाली, "मी, सर. आमचं सगळ्यांचंच पोट बोलतं. तुमचंच कधी बोलत नाही."

पोरांना मास्तरांच्या पांढऱ्या डब्याचं माहीत होतं. बहुतेक वर्षभर माहीत होतं, आणि कुणी एक शब्द काढला नव्हता.

बुधवारी उजाडता उजाडता प्यो मास्तर उठले. आई विहिरीवर गेली होती. त्यांनी ठरवलं होतं की जव आपणच मिसळायचे. ते ती पायरी उतरले. तिशी ओलांडली तरी ते पहिल्यांदाच तिथे उतरत होते. कमान बुटकी होती, डोकं आपटलं. चुलीवर बिडाचं मोठं भांडं वाफ सोडत होतं. त्यांनी झाकण उचललं.

भांडंभर जव होते. करडे, फुगलेले, प्रत्येक दाण्याच्या पोटावर काळी रेघ. आणि बरोबर मधोमध, एका वाडग्याएवढ्या जागेत, पांढरा भात. जणू कुणी मोजून ठेवलेलं बेट.

मास्तर वर्गात टक्केवारी शिकवायचे. नजरेनेच त्यांचा हिशेब झाला. या भांड्यात दहात तीन भाग तांदूळ होता आणि सात भाग जव. हुकूम होता त्याच्या अगदी उलट. या घराने सरकारचा नियम कधी मोडलाच नव्हता, दुपटीहून जास्त पाळला होता. फक्त तो सगळा एकाच माणसाने पाळला होता, पायरीवर बसून.

बाजूला कालच्या भांड्याची खरपुडी पाण्यात भिजत होती. तीही तिचीच.

"अरे! बायकांच्या चुलीपाशी काय करतोयस?" नामवोनवाली डोक्यावर घागर घेऊन दारात उभी होती.

"आई, तू कधीपासून हे खातेस?"

"काय हे?"

"जव."

"मला आवडतात."

"खोटं बोलू नको."

"मास्तर माझ्यावर छडी काढणार का आता? हो बाजूला, भात करपेल."

प्यो मास्तरांनी भिंतीवरचा लाकडी कालथा घेतला, भांड्यात घातला आणि तळापासून वर असा फिरवला. बेट फुटलं. पांढरे दाणे करड्यात पसरले.

"अरे अरे अरे! मोडलंस सगळं!" तिने घागर खाली ठेवली आणि डाव त्याच्या मनगटावर हाणला, हळू नव्हे. "एवढं जपून लावलं होतं मी! आधी जव उकडायचे, मग तांदूळ मधे असा रचायचा, हलवायचं नाही, झाकण उघडायचं नाही... तुला काय कळतंय!"

"काही कळत नव्हतं," मास्तर म्हणाले आणि ढवळत राहिले.

त्यांनी डबा भरला. मग एक वाडगा भरला आणि तिच्या हातात दिला. दोन्हींचा रंग एकच होता. तिने वाडग्याकडे पाहिलं, एक घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिली.

"धड भात नाही, धड जव नाहीत," ती म्हणाली. पण वाडगा संपवला.

दुपारी साहेब आले. जाड चष्मा, चकचकीत बूट. त्यांनी मास्तरांच्या खोलीत एकेक डबा उघडायला लावला. प्यो मास्तरांच्या डब्याशी ते थांबले. त्यांच्याकडेही काडी होती. ती त्यांनी खुपसली, उचलली, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसली.

"हे... सत्तर टक्के असेल."

"हो, साहेब."

"रोज?"

प्यो मास्तरांनी डब्याचं झाकण लावलं. "आमच्या घरचं भांडं रोज असंच असतं, साहेब."

हेडमास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. साहेबांचा चेहरा उजळला. असं आदर्श घर जिल्ह्यात नाही, असं ते म्हणाले, आणि पंधरा दिवसांत सोनेरी काठाचं प्रशस्तिपत्रक आलं, नामवोनवालीच्या नावाने. नाव वाचून दाखवल्यावर तिने विचारलं, "कागद जाड आहे का?" आणि स्वयंपाकघराच्या फुटक्या खिडकीला खळीने चिकटवून टाकला. त्या हिवाळ्यात वारा आत आला नाही.

त्या बुधवारी दुपारच्या पहिल्या तासाला, भागाकार चालू असताना, फळ्यापाशी एक आवाज झाला. मास्तर खडू हातात धरून उभेच राहिले. मागच्या बाकावरून क्योंग-जाने गंभीरपणे मान डोलावली आणि मग अख्खा वर्ग बाकावर डोकं टेकून हसला. मास्तरही हसले.

काडी त्यांच्या खिशात पुढेही राहिली, कारण हुकूम होता. पण पट्टी उचलली गेली नाही. तळाशी पांढरा भात सापडला की मास्तर त्या पोराला खाली वाकून हळूच एक प्रश्न विचारायचे, "तुझी आई काय जेवते, पाहिलंयस का?" दोक-मान दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "आमच्याकडे सगळे भातच खातात, सर. फक्त मोलकरीण जव खाते." मास्तर म्हणाले, "मग तिच्याशी अदलाबदल कर. एकास एक. क्योंग-जासारखं लुटू नको." त्याने केली की नाही, माहीत नाही.

घरी मात्र लढाई चालू राहिली. आई रोज पहाटे बेट रचायची, मास्तर रोज पायरी उतरून मोडायचे. मग ती ते भांड्याच्या कडेला लपवू लागली, पुढे तळाशी. दोन-तीन वर्षांनी नव्या वाणाचा तांदूळ भरभरून पिकला, हुकूम मागे पडला आणि भांडणाचं कारणच संपलं.

आता नामवोनवाली नव्वदीला आली आहे. प्यो मास्तर निवृत्त आहेत आणि स्वयंपाक तेच करतात. जव तांदळापेक्षा महाग झालेत. शहरातली माणसं गाड्या घेऊन जवाचा भात खायला येतात आणि खाणावळीबाहेर रांग लावतात. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी आजींची साखर पाहिली आणि सांगितलं, "पांढरा भात कमी करा. जव खा."

"आणि आधी खाल्ले ते?" नामवोनवालीने विचारलं. "ते मोजायचे नाहीत?"

डॉक्टर मास्तरांकडे पाहू लागले. मास्तर जमिनीकडे.

मग त्यांचं असं ठरलं, की आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, तिला हवं ते. बुधवारी मास्तर आधी जव उकडतात, मधोमध तांदूळ रचतात, झाकण उघडत नाहीत. पांढरं बेट अलगद उचलून तिच्या वाडग्यात काढतात आणि स्वतः उरलेलं घेऊन तिच्यासमोर बसतात.

नामवोनवाली लगेच खात नाही. ती आधी मास्तरांची जुनी बांबूची काडी उचलते, वाडग्यात उभी खुपसते आणि थेट तळापर्यंत नेऊन पाहते.