ड्रायव्हर उतरल्याशिवाय वजन नाही

माझ्या थोरल्या लेकीवर जीएसटी बुडवायला मदत केल्याचा आळ आहे. आळच म्हणते मी. अजून कुणी काही सिद्ध केलेलं नाही. मला पाहून शेजारणी जिन्यात बोलायच्या थांबतात. थांबू देत.

थोरली सहा वर्षं ट्रकांच्या वजनकाट्यावर कामाला होती. टीचभर केबिन, एक खिडकी, एक घंटा आणि पावती छापताना कुरकुरणारं यंत्र. ट्रक काट्यावर चढला की ती घंटा वाजवायची आणि ड्रायव्हर खाली उतरेपर्यंत आकड्याकडे ढुंकून बघायची नाही.

"ताई, माझं वजन ते केवढं! बसू द्या की."

"पोटाचं कौतुक घरी, दादा. इथे गाडीचं वजन होतं. उतरा."

उतरलेल्याला खिडकीशी बोलावून ती आपल्या वहीत तारीख आणि गाडीचा नंबर लिहायची, पुढे त्याची सही घ्यायची. मालकानं हे सांगितलेलं नव्हतं. उलट "रद्दी वाढवतेस" म्हणून तो ओरडायचा. मग भरलेल्या वह्या ती घरी आणायची आणि मी ओरडायचे. एक वही तर मी शिलाई मशीनच्या डगमगत्या पायाखाली सारली होती.

मग एका भंगार व्यापाऱ्याकडे धाड पडली. माल कधी आलाच नव्हता. नुसती बिलं फिरवून त्यानं करातली सूट लाटली होती. बिलांना जोडलेल्या एकशे बारा वजनपावत्या थोरलीच्या काट्याच्या, प्रत्येकीवर तिचं नाव छापलेलं. काटामालक पसार झाला. थोरली रोजच्यासारखी केबिनमध्ये बसली होती, म्हणून सापडली.

तेवीस दिवस ती तुरुंगात होती. तपास करणारे साहेब मला म्हणाले, "नजरचूक झाली एवढं तिला लिहून द्यायला सांगा. जामिनाला आम्ही आडवे येणार नाही."

भेटीच्या जाळीशी मी तिला विनवलं. "लिही गं बाई. आधी बाहेर ये, मग काय ते बघू."

"आई, सहावीत मी प्रगतिपुस्तकावर तुझी सही केली, तेव्हा दोन दिवस बोलली नव्हतीस माझ्याशी."

"तेव्हा तू खोटं केलं होतंस."

"आणि आता काय करायला सांगतेयस?"

मी पदर डोळ्यांना लावला. ती म्हणाली, "रडू नकोस. वह्या काढ."

काढल्या. मशीनच्या पायाखालचीसुद्धा, तिच्या पुठ्ठ्याला खळगा पडला होता. तिच्या वकीलबाईंकडून पावत्यांच्या नकला आणून मी एकेक तारीख आणि गाडीचा नंबर ताडून पाहिला. वह्यांत हजारो सह्या होत्या, अंगठे होते, एका गमत्यानं मिशा काढल्या होत्या. त्या एकशे बारांपैकी एकही गाडी काट्यावर चढल्याची नोंद नव्हती.

कोर्टात सरकारी वकील म्हणाले, "या वह्या आरोपीनं स्वतःच लिहिल्यात. हिला सोडलं तर पुरावा नष्ट होईल."

कुणी विचारलं नसताना थोरली उभी राहिली. "साहेब, हा पुरावा आमच्याच घरातून आलाय. नष्टच व्हायचा असता तर आईनं केव्हाच रद्दीत घातला असता."

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत. वह्या खऱ्या की खोट्या ते खटल्यात ठरेल, म्हणाले. पण कागद सगळे जप्त आहेत, चौकशी संपली आहे, मग हिला आत ठेवून काय साधणार? जामीन मंजूर झाला. माझा भाऊ जामीनदार राहिला. पासपोर्ट जमा करायचा, दर सोमवारी हजेरी द्यायची. चूक कबूल केल्याची एक ओळही तिनं लिहून दिली नाही.

संध्याकाळी तुरुंगाच्या दारात मी जीव मुठीत धरून उभी. आत खिडकीशी शिपाई तिचं सामान परत देत होता. त्यानं रजिस्टर पुढे सरकवलं. ती वाचत बसली.

"अहो बाई, सुटलात! आता वाचताय काय?"

"इथे लिहिलंय, घड्याळ बंद. मी दिलं तेव्हा चालू होतं."

"काय फरक पडतो?"

"सही माझी आहे ना?"

शिपायानं माझ्याकडे पाहिलं, समजवा हिला, अशा नजरेनं. पुन्हा आत घेतात की काय, असं मनात येऊन गेलं. तरी मी म्हणाले, "चालूच होतं. मीच घेऊन दिलंय."

त्यानं सुस्कारा टाकून 'बंद' खोडलं, वर 'चालू' लिहिलं. मग थोरलीनं सही केली.