बाच्या खाटेवरचा लाईट

लाईट खाली ओढला आणि बाच्या चादरीवर पेंढा पडला. टोकाला करपलेला. मी टेबलावरून उतरलो, एक काडी नाकाशी धरली. भाजल्याचा वास.

घोलवडला जयेशभाईंची चिकूची वाडी आहे. वाडीतलं घर पत्र्याचं, पत्र्याखाली पीओपीचं सिलिंग. त्यात गोल लाईट बसवलेले. आम्ही त्यांना कन्सील लाईट म्हणतो. खालून नुसती चकती दिसते. तापणारं अंग वरच्या पोकळीत असतं. ते मीच बसवले होते. तेव्हा वर काही नव्हतं.

बा म्हणजे जयेशभाईंची आई. लकवा झाल्यापासून खाटेवरच. तिच्या डोक्यावरचा लाईट तासाभराने आपोआप विझायचा आणि थोड्या वेळाने परत लागायचा. दोनदा मी तो बदलून दिला होता. दोन्ही वेळा खालून. स्प्रिंगच्या क्लिपा असतात, टेबलावर चढून ओढला की लाईट हातात येतो. दुसऱ्या वेळी दोन काड्या पडल्या होत्या. उंदराचं घर असेल म्हणून झटकल्या.

खरं सांगायचं तर शिडीच नेली नव्हती. माझी बायको जानकी गेल्या पावसाळ्यात गेली. ती होती तोवर कामावरून आलो की पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी विचारायची, "वर चढून बघितलं का?" तिला विजेतलं काही कळत नव्हतं. पण तिच्या तोंडावर खोटं बोलता यायचं नाही, म्हणून मी चढायचो. आता कोण विचारतंय?

"जयेशभाई, वर काय घातलंय?"

"काय नाय काका. खोक्यात चिकूखाली घालतो ना, तो पेंढा उरलेला. बाला उकडतं. तीच म्हणाली, गवताचं छप्पर होतं तेव्हा घर कसं थंड असायचं. मग भरून घेतला."

"गवताच्या छपरात लाईट पुरलेले नव्हते."

"पण एमसीबी आहे ना? उडेल की."

"एमसीबीला जास्तीचा करंट कळतो. ऊब कळत नाही."

मेन बंद केला. चिकू तोडायची शिडी मागवली आणि सिलिंगच्या कोपऱ्यातलं झाकण उघडून डोकं वर घातलं. पत्र्यापर्यंत पेंढा दाबून भरलेला. लाईटच्या आजूबाजूचा हाताने उकरला तर खाली तपकिरी. बाच्या लाईटजवळ काळा. लाईटला एक लहान डबी असते, करंट त्याला झेपेल असा करून देणारी. तिचं प्लास्टिक वाकलं होतं.

लाईट बिघडलेला नव्हताच. उष्णता कोंडली की स्वतःला वाचवायला विझायचा, गार झाला की लागायचा. हलका माल असता तर विझलाही नसता. लाईट सांगत होता आणि मी दोनदा त्याला बदलून टाकलं.

"सगळा काढा."

"काका, बाहेर ऊन बघा. काढला तर बा भाजून निघेल."

"ठेवला तर खरंच भाजेल. तिला पळता येत नाही."

खाटेवरून बा म्हणाली, "काढ रे. उकडलं तर उकडू दे." मग माझ्याकडे बघून, "जानकीला नाय आणलीस? कधीची आली नाय. माझी वेणी घालायची ती."

जानकीने या वाडीत कितीतरी वर्षं चिकू भरले. जयेशभाई खाली बघायला लागले. बाला कोणी सांगितलंच नव्हतं.

"जानकी गेली, बा. पावसाळ्यात."

बा सिलिंगच्या भोकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुला जेवायला कोण घालतं?"

"मीच."

"काय करतोस?"

"भात."

मी परत वर चढलो.

गड्यांनी पोती भरभरून पेंढा उतरवला. संध्याकाळ झाली. बाच्या डोक्यावरचं भोक बंद करून भिंतीवर ट्यूब लावली. बाकीचे लाईट तपासले, वायरी नव्या ओढल्या. पत्र्याला वरून चुना मारायला लावला. पुढे जयेशभाईंनी ग्लासवूल आणलं. तो काचेचा कापूस, पेंढ्यासारखा पेटत नाही. तरी लाईटभोवती वीतभर जागा मोकळी सोडूनच मी तो घालू दिला. कोंडलेली उष्णता कापसातही कोंडतेच.

मधे एकदा बाला विचारलं, आता कसं वाटतं? म्हणाली, उकडतं.

पेंढा काढला त्या दिवशी घरी येऊन तांब्या मीच भरला. वर चढून बघितलं होतं, पण ते सांगायला घरात कोणी नव्हतं. तेव्हापासून शिडी दारातच ठेवतो. घरी विचारणारं माणूस नसेल, तर शिडी घेऊनच निघावं.