तक्तेमास्तरांचा देखणा वर्ग

आमच्या शाळेत तिसरीच्या दोन तुकड्या होत्या. एक माझी, दुसरी तक्तेमास्तरांची. मधे प्लायवूडची भिंत. भिंत आपली म्हणायची. पलीकडे कुणी शिंकलं तर माझ्या वर्गातली मुलं तिकडे माना वळवायची. तेव्हा या माणसाबद्दल मी जे सांगणार आहे ते ऐकीव आहे खरं, पण माझ्याच कानांनी ऐकलेलं, आणि नको नको म्हणताना वर्षानुवर्षं ऐकलेलं.

तक्तेमास्तर हे नाव त्यांना शाळेच्या शिपायानं दिलं, कारण तक्ते ठोकायला शिडी धरून त्यालाच उभं राहावं लागायचं. त्या वर्गात पाढ्यांचा तक्ता होता, पक्ष्यांचा होता, पानांच्या आकारांचा होता, पाण्याचा थेंब ढगातून निघून परत ढगात कसा पोचतो त्याचा होता. छताला तारेनं कागदी ग्रह टांगलेले. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर हिरवं कापड, आणि कापडावर तराजू, वजनं, मण्यांची पाटी, भिंग, लोहचुंबक, मातीची रंगवलेली फळं, कडधान्यांच्या बरण्या. सगळं असं मांडलेलं की बघणाऱ्यानं श्वाससुद्धा जपून घ्यावा. आणि समोर, सुरेख वळणदार अक्षरात, एक पाटी : 'बघा. हात लावू नका.'

काचसामानाच्या दुकानात ही पाटी शोभली असती. हा आठ वर्षांच्या मुलांचा वर्ग होता.

अक्षर हेच मास्तरांचं भांडवल. वडील शिंपी होते, आणि दुकानाबाहेरची दरपत्रकाची पाटी लहानपणी यांनीच लिहिली होती, हे ते शिक्षकखोलीत दर पावसाळ्यात एकदा तरी सांगायचे. ती पाटी बघून कुणा गिऱ्हाइकानं 'पोरगं हुशार आहे' म्हटलं आणि तिथेच घात झाला. मग शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहायला हेच, प्रमाणपत्रांवर नावं घालायला हेच. तो सुविचार खरा की खोटा, हे त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही स्वतःला कधी त्रास दिला नाही. अक्षर मोत्यासारखं होतं, खोटं कशाला बोलू? पण मोत्यासारखं अक्षर असलेल्या माणसाच्या डोक्यातही काहीतरी असणारच, असं लोक धरून चालतात, आणि त्या एका गैरसमजावर या माणसानं अख्खी नोकरी काढली.

त्यांचं शिकवणं भिंतीपलीकडून असं यायचं :

"तराजूला पारडी किती?"

"दोन!"

"जड वस्तूचं पारडं कुठे जातं?"

"खाली!"

"आणि आपले हात कुठे?"

"मागे!"

शेवटचं उत्तर सगळ्यात मोठ्यांदा यायचं. ते मुलांना खरोखर येत होतं ना.

माझा वर्ग देखणा नव्हता. माझे तक्ते वाकडे लागायचे, माझा आवाज फाटका आहे, आणि मुलांचं फार झालं की मी ओरडते. कपडे टांगायचा हँगर आणि डब्यांची दोन झाकणं यांचा आमचा तराजू, तोही एका बाजूला कललेला. त्यामुळे खोडरबर शार्पनरपेक्षा जड की हलकं यावरून रोज भांडणं. वाटाणे सांडायचे, पाणी सांडायचं, फूटपट्ट्या मोडायच्या. मुख्याध्यापक दारातून डोकावून म्हणायचे, "बाई, बाजार भरवलाय काय? जरा शेजारी बघून या, वर्ग कसा असतो." ते गेले की मुलं मला विचारायची, "बाई, बघून येऊ या का?" मी म्हणायची, "वाटाणे आधी गोळा करा."

आईबापांचंही तेच. जूनमध्ये त्यांच्या तुकडीसाठी रांग. आया फोन वर धरून ग्रहांचे फोटो काढायच्या आणि पोराला पुढे ढकलायच्या, "बघ, किती शिकायला मिळणार तुला!" ज्यांचा वशिला कमी पडायचा त्यांची मुलं माझ्याकडे. पहिले काही दिवस त्या आया माझ्याकडे अशा बघायच्या, जणू मी त्यांना तेच धान्य कमी भावात, पण खड्यांसकट विकलं आहे.

एका वर्षी सुंदर वर्गांची स्पर्धा जाहीर झाली. महिनाभर मास्तरांनी शिकवणं बंद ठेवलं. फारसा फरक पडला नाही. तेवढ्यात झाडणाऱ्या मावशीच्या हातून मातीचं एक फळ पडून फुटलं. मास्तर तिला इतकं बोलले की तिनं दुसऱ्या दिवशी पलीकडच्या इमारतीत काम मागून घेतलं. आणि त्याच संध्याकाळी मास्तरांनी बाटलीभर डिंक आणून टेबलावरची प्रत्येक वस्तू खालच्या कापडाला चिकटवून टाकली. तराजूची पारडीसुद्धा, समान उंचीवर, छान दिसावीत म्हणून.

परीक्षकांमध्ये एक मोठे साहेब होते, मुख्याध्यापक त्यांच्या मागे लवून लवून चालत होते, आणि मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी, कारण शिपाई शिडी आवरत होता. ठरलेले प्रश्न झाले, ठरलेली उत्तरं झाली. आणि साहेबांनी, कुठून बुद्धी झाली कोण जाणे, पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "तुला यातलं काय करून दाखवायला आवडेल?"

हा प्रश्न बसवलेला नव्हता. मुलीनं आधी मास्तरांकडे पाहिलं, मग टेबलाकडे. ती पुटपुटली, "तराजू."

"मग ये की! मूठभर वाटाणे तोल."

ती हात मागे बांधून उभीच राहिली. मास्तर पुढे सरसावले, "लाजते ती, साहेब. घरचं वातावरण तसं आहे." घरचं वातावरण! पोरीचा बाप बसवाहक, दिवसभर शंभर माणसांशी बोलणारा.

"अरे, लाजायचं काय त्यात," म्हणत साहेबांनी स्वतःच तराजू उचलला. तराजूबरोबर हिरवं कापड उठलं. कापडाबरोबर बरण्या, भिंग, मण्यांची पाटी, सगळी फळफळावळ तिरकी झाली आणि तशीच तिरकी लटकत राहिली. काहीही पडलं नाही. डिंक चांगला होता.

मला वाटलं, चला, सुटलो एकदाचे. साहेबांनी कापड हळूच खाली ठेवलं, बोटं रुमालाला पुसली, घड्याळ पाहिलं. अजून दोन शाळा बघायच्या होत्या.

"साहित्याची एवढी काळजी घेणारा शिक्षक," ते म्हणाले, "मी पहिल्यांदाच पाहिला."

पहिलं बक्षीस तक्तेमास्तरांना. करंडक त्यांच्याच टेबलावर ठेवला, आणि माझी खात्री आहे, चिकटवला.

तोवर मी त्यांना मूर्ख समजत होते. मूर्खाचा राग येतो, पण तो टिकत नाही. पुढच्या जूनच्या तोंडावर, शाळा सुटल्यावर, ते माझ्या वर्गात आले. मी फळा पुसत होते.

"बाई, एक विनंती होती. आमची धाकटी यंदा तिसरीत येतेय."

"हो, ऐकलं. तुमच्याच वर्गात बसणार असेल."

"नाही, नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तिला तुमच्या तुकडीत घ्या."

मला वाटलं, बापाच्या वर्गात नको अशी लाज असेल. काही माणसांना असते. मी तसं म्हटलंही.

"तसं नाही हो. तिला गणित जड जातं. तुमच्याकडे मुलांना येतं."

"आणि तुमच्याकडे?"

ते हसले. अगदी मोकळं, माझ्याशी जणू त्यांचं जुनं साटंलोटं असल्यासारखं. "माझ्याकडे लोक बघायला येतात, बाई."

"मग बाकीच्यांच्या लेकरांचं काय?"

"त्यांचे आईबाप खूश आहेत ना!" ते म्हणाले, आणि जाता जाता माझ्या वाकड्या लागलेल्या तक्त्याचा कोपरा सरळ करून गेले.

म्हणजे या माणसाला सगळं माहीत होतं. आपल्या दुकानातला माल नासका आहे हे ओळखून घरच्यासाठी शेजारून घेणारा हा दुकानदार. त्या दिवसापासून मी त्यांना शिक्षकखोलीत खुर्ची सरकवून देणंही सोडलं.

मुलीला मी घेतलं. तिचा काय दोष? पहिल्या दिवशी तिच्यापुढे झाकणांचा तराजू ठेवला तर तीही हात मागे बांधून उभी.

"घे ना."

"मोडला तर?"

"मोडला तर परत बांधू. हँगरच आहे तो."

"बाबा म्हणतात, वस्तू मोडणारी मुलं अडाणी राहतात."

तिच्याशेजारी बसलेल्या पोरानं परस्पर उत्तर दिलं, "मी तीन पट्ट्या मोडल्या, मला सतरापर्यंत पाढे येतात." त्याला बारापर्यंतच येत होते, पण वेळेवर बोलला. तिनं एक वाटाणा उचलला, झाकणात ठेवला, आणि पारडं हललं तशी दचकून मागे सरली. महिन्याभरात ती आमच्यातली सगळ्यात भांडकुदळ झाली. झाकणं सारख्या वजनाची नाहीत हे तिनंच दाखवून दिलं आणि हलक्या झाकणाला चिकणमातीचा गोळा लावला. हात चिकट झाले, ओल्या फडक्यानं पुसले, फडकं माझ्या टेबलावर टाकलं. मी ओरडले. ती हसली.

दिवाळी-नाताळ कसलीच सुट्टी नसलेल्या एका रटाळ आठवड्यात, मधल्या सुट्टीनंतर, भिंतीपलीकडून गोंगाट आला. मी कान टवकारले. त्या वर्गातून कधी गोंगाट येत नसे. "माझा डबा जड!" "नाही, डब्यात भाजी आहे म्हणून!" "भाजी काढ!" मी जाऊन पाहिलं तर मास्तर मुख्याध्यापकांकडे गेलेले, आणि त्यांची मुलगी ओलं फडकं घेऊन टेबलावर चढलेली. तराजू मोकळा, वजनं मोकळी, भोवती अख्खा वर्ग. ती मला बघून म्हणाली, "बाई, डिंक पाण्यानं सुटतो!" जणू मला माहीत नव्हतं. एका पोरानं चपला तोलायला आणल्या होत्या. बसवाहकाची मुलगी तर गणित कच्चं राहिलं म्हणून याच वर्गात पुन्हा बसवलेली. ती भिंगातून स्वतःचा तळहात बघत होती आणि कुणालाही भिंग देत नव्हती.

मला त्यांना थांबवायचं सुचलंही नाही. तेवढ्यात मास्तर आले.

क्षणात सगळे हात मागे गेले. फक्त एकीचे नाही.

"हे कुणी केलं?"

"मी केलं, बाबा."

ते तिच्याकडे बघत राहिले. तिला मारतील, ओरडतील, काहीतरी करतील असं वाटलं. तसं केलं असतं तर निदान बाप तरी दिसला असता. त्यांनी तिला फक्त म्हटलं, "जा तुझ्या वर्गात." आणि मग वळून बाकी सगळ्यांना शाळा सुटेपर्यंत उभं केलं. भिंग ओढून घेताना बसवाहकाच्या मुलीचं बोट काचेच्या कडेला कापलं, तर म्हणाले, "म्हणून सांगत होतो, हात लावू नका."

मी बोट धुऊन चिंधी बांधली आणि तिथेच, मुलांच्या देखत, त्यांना सांगितलं, "मास्तर, तुमच्या पोरीला माझ्याकडे का पाठवलंत, ते या मुलांच्या आईबापांना सांगून या एकदा."

"बाई, वर्गासमोर तमाशा नको," ते म्हणाले, शांतपणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं सामान पुन्हा चिकटवलं, या वेळी चांभार तळवे चिकटवायला वापरतात त्या सोल्यूशननं. त्याच्या वासानं माझ्या वर्गातल्या मुलांचीही डोकी दुखली. मी मुख्याध्यापकांकडे गेले. सगळं सांगितलं, मुलीच्या प्रवेशासकट. त्यांनी भिंतीवरच्या करंडकाच्या फोटोकडे बोट दाखवलं. "बाई, हे आणायला काय लागतं ते तुम्हाला नाही कळायचं." खरंच होतं. मला नाही कळलं.

मास्तरांची मुलगी माझ्याकडून चौथीत गेली. अपूर्णांक तिला पाण्यासारखे यायचे. घरी काय झालं ते मी विचारलं नाही. तिनं एकदाच सांगितलं की बाबा हल्ली तिच्याशी कमी बोलतात, आणि अक्षर सुधार म्हणतात.

आणि मास्तर? मास्तर वर चढले. करंडकाच्या जोरावर शिक्षकांच्या प्रशिक्षण केंद्रात गेले. दोन वर्षांनी आम्हाला सक्तीचं प्रशिक्षण लागलं. विषय : कृतीतून शिक्षण. पंखे कुरकुरणारा मोठा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि व्यासपीठावर कोट घातलेले तक्तेमास्तर. सकाळपासून दुपारपर्यंत ते पडद्यावरची वाक्यं वाचत होते. 'मुलांना हाताळू द्या.' 'चुका होऊ द्या.' आम्ही हाताची घडी घालून ऐकत होतो. मी हात वर करून विचारलं, "सर, सामान मोडलं तर काय करायचं?"

त्यांनी मला ओळखलं. पापणी जरासुद्धा लवली नाही. "उत्तम प्रश्न," ते म्हणाले आणि पडद्यावरचं पुढचं पान काढलं. टाळ्या पडल्या.

जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या खुर्चीतली तरुण शिक्षिका माझ्याकडे वळली. डबा उघडतानाही तिच्या मांडीवर वही होती, भरून लिहिलेली. "तुम्ही सरांबरोबर एका शाळेत होतात म्हणे? किती शिकायला मिळालं असेल!"

तिला सांगावंसं वाटलं. पण ती इतकी खूश होती, आणि माझा डबा गार होत होता.

"जेवा आधी," मी म्हटलं. "आणि परत गेल्यावर ती वही वर्गात नेऊ नका. वाटाणे न्या."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.