रॉथमेलांच्या रांगेतली शेवटची जागा

"मग ह्या दुसऱ्या कागदात येगळं का लिवलंय? त्यो काय म्या चुलीम्होरं बसून लिवला?"

हेस्टर रॉथमेलने चर्चमधल्या टेबलावर बोट आपटलं. समोर चर्चचे कारभारी पिकर्सगिल. चाळीस वर्षं शाळामास्तर होते, त्यामुळे समोरचा सत्तरीचा असला तरी त्याला ते बाकावर बसल्यासारखंच धरत.

"हेस्टर, ती नक्कल आहे. त्या काळी दरवर्षी बिशपकडे नक्कल पाठवायचे. आमची यादी मूळ वहीवरून केलीय. बघ: थॉमस रॉथमेल, बाप्तिस्मा फेब्रुवारी १७३१. त्याच्या आईबापाचं लग्न नोव्हेंबर १७३१. पोरगं आधी, लग्न मागून."

"आन् बिशपच्या कागदात थॉमस फेब्रुवारी बत्तीसचा."

"नक्कल करणारा चुकला असेल."

"त्यो बी मास्तरच असंल मग."

पिकर्सगिलांनी चष्मा पुसला. "रविवारी बैठक आहे. तोवर दुसरं काही सापडलं तर आण."

भांडण जागेचं होतं, आणि जागा होती सहा फूट. आमच्या खोऱ्यातलं चर्चचं आवार भरून तीस वर्षं झाली. आता माणसं शहराच्या दफनभूमीत नेतात. तेवढी एक रॉथमेलांची रांग राहिलीय, जुन्या यू झाडाखाली. ती जमीन चर्चला देताना सायमन रॉथमेलने अट लिहून ठेवली होती की, या रांगेत माझ्याच घरचे येतील, आणि तेही रीतसर लग्नातून जन्मलेल्यांचा वंश. हेस्टरचे आईबाप तिथंच आहेत. त्यांना ठेवलं तेव्हा कुणी काही विचारलं नव्हतं. आता एकच जागा उरली आणि खालच्या गावचा क्लेमंट रॉथमेल चर्चची ही यादी घेऊन उभा राहिला. दोघंही सायमनच्या नातवांचे वंशज. क्लेमंट धाकट्याचा, हेस्टर थोरल्या थॉमसची. थॉमस लग्नाआधीचा ठरला, तर हेस्टरची सगळी शाखा रांगेबाहेर.

क्लेमंट अजून साठीचाही नाही, रोज सायकल चालवतो. हेस्टरचा थोरला भाऊ ॲम्ब्रोज मात्र अठ्ठ्याहत्तरचा, आणि गेल्या थंडीपासून त्याचं हृदय रडतखडत चालतंय. या बहीणभावांनी लग्न केलं नाही. एकाच घरात एकमेकांना टोचत आयुष्य काढलं.

"मला काय घाई न्हाई," चहात बिस्किट बुडवत ॲम्ब्रोज म्हणाला. "पर शहरात त्या गाड्या लावायच्या जागेशेजारी मला नगं नेऊ. शेजारी कोण पडलाय त्ये बी कळायचं न्हाई."

"जिता हाईस तंवर शेजाऱ्यांशी बोलला न्हाईस, आता काय गप्पा हाणणार हाईस?"

"आईसंगं हाणीन."

 दुसऱ्या दिवशी हेस्टर शेजारी माझ्या दारात आली आणि म्हणाली, "तुझी गाडी काढ. मूळ वही बघायची मला."

मूळ वही जिल्ह्याच्या दप्तरखान्यात आहे. हात लावू देत नाहीत. पडद्यावर तिची छायाचित्रं बघायची. हेस्टरने शिसपेन्सिल कानाला लावली आणि मेंढी तपासावी तसं एकेक पान तपासलं. नोव्हेंबरात जॉन आणि हॅनाचं लग्न. खाली डिसेंबरात दोन दफनं. त्याच्या खाली, त्याच पानावर, फेब्रुवारीत थॉमसचा बाप्तिस्मा. मधे नवं साल कुठंच घातलेलं नाही. पानाच्या डोक्यावर एकच आकडा, १७३१.

"ह्यो लिवणारा प्यालेला व्हता," ती म्हणाली. "डिसेंबराखाली फेब्रुवारी, आन् साल त्येच!"

 येताना गाडीत ती म्हणाली, "प्यालेल्याची अक्षरं येवढी सरळ येत न्हाईत पर."

शुक्रवारी पंचवीस मार्च होता, म्हणजे लेडी डे, मेरीमातेचा सण. आमच्याकडे शेतं खंडाने घेतात ती याच दिवसापासून, आणि हेस्टरच्या बापाने मेंढ्यांची वहीही याच दिवसापासून धरायची पद्धत पाडली. वहीच्या पुठ्ठ्यावर साल एकदाच लिहायचं. आत नुसते महिने. सकाळी गोठ्यात उलट्या बादलीवर बसून हेस्टरने जुनी वही मिटण्याआधी शेवटची पानं चाळली. नोव्हेंबर: मेंढा सोडला. फेब्रुवारी: मशीनवाल्याने पोटं तपासली, त्रेसष्ट मेंढ्या गाभण.

ती तशीच उठून मास्तरांच्या घरी गेली. बूट शेणाने भरलेले, बगलेत वही. पिकर्सगिल अंडं फोडत होते.

"मास्तर, वाचा. मोठ्यानं."

त्यांनी वाचलं.

"आता तुमच्या यादीवानी लावा. जानेवारी आधी, डिसेंबर शेवटाला. काय हुतंय?"

"फेब्रुवारीत मेंढ्या गाभण…" पिकर्सगिल थांबले. "आणि मेंढा नोव्हेंबरात सोडला."

"माज्या मेंढ्या लई हुशार. मेंढ्याबिगर गाभण ऱ्हात्यात!"

पिकर्सगिलांचा चेहरा पडला. हातातला चमचा त्यांनी हळूच बशीत ठेवला.

"सतराशे बावन्न," ते पुटपुटले. "त्या साली कायद्याने वर्ष जानेवारीत आणलं. त्याआधी वर्ष लेडी डेला बदलायचं. तेव्हाचा फेब्रुवारी एकतीस म्हणजे आपल्या हिशेबाने बत्तीस. नक्कल करणाऱ्याने तेव्हाच जानेवारीपासूनचं साल धरून बिशपला लिहून दिलं, एवढंच. अगं, हे मी पोरांना शिकवायचो!"

"आन् ती यादी कुणी लावली?"

"कॉम्प्युटरवर… महिन्याप्रमाणे… मीच."

"बाकावर हुबं ऱ्हावा."

ते खरोखरच उभे राहिले, पण कागद आणायला. मग बोटं मोजू लागले. "नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. हेस्टर, लग्नानंतर तीनच महिन्यांनी?"

"अट काय हाय? लग्नातनं जल्मलेला. जल्मला का न्हाई? हॅनानं कधी काय केलं त्ये सायमननं इचारलेलं न्हाई. तुमी नगा इचारू."

रविवारच्या बैठकीत पिकर्सगिलांनी स्वतःची चूक स्वतःच सांगितली. हे त्यांचं मोठेपण. हेस्टरने दप्तरखान्यातून वहीच्या पानाचं चित्र आणलं होतं; क्लेमंटने ते दोनदा पाहिलं, टोपी घातली आणि सायकलवर बसून गेला. जागा ॲम्ब्रोजच्या नावावर लागली.

हेस्टर घरी आली तेव्हा ॲम्ब्रोज चीज आणि केक खात होता.

"मिळाली तुला. आईच्या बगलंला."

त्याने चीजचा आणखी एक तुकडा कापला. "हॅनाच्या पोटात त्यो आधीच व्हता म्हण की."

"व्हता."

"मग आपण येळेआधीच आलेलं घराणं. मी आता उशीर करतो."

"कर. पर तंवर बसून खाऊ नगंस. जुळ्या कोकरांची बाटली तापव."

त्याने टेबलाला धरून उठत चुलीवर दूध ठेवलं. हेस्टरने नव्या वहीच्या पुठ्ठ्यावर साल घातलं, बाह्या वर सारल्या, आणि गोठ्यात एक मेंढी सकाळपासून कण्हत होती तिच्याकडे गेली.