बादलीभर खारं पाणी

हर्षा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या पडद्यावर टेस्ट चालू होत्या. एकेक ओळ हिरवी होत होती आणि पलीकडून तिची आई, मी त्यांना मावशी म्हणते, एवढंच सांगत होत्या, "सकाळी उठलीच नाय गं ती..." मी ऐकत राहिले, ओळी हिरव्या होत राहिल्या. शेवटी सगळं पास झाल्याची खूण उमटली. त्या हिरव्या रंगाचा इतका राग आला की मी लॅपटॉप तसाच मिटला.

हर्षा माझी मैत्रीण, आम्ही दोघी टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम कुठे बिघडतात ते शोधायचं, हे आमचं काम. मी तुळिंजच्या फ्लॅटमधून करायची, ती भुईगावच्या वाडीतून. तिच्या मागच्या पडवीत बसलं की समोर पानवेलींचा मळा, त्यापलीकडे विहीर, आणि माडांच्या मागे कुठेतरी समुद्र. तो दिसायचा नाही, नुसता असायचा. रविवारी तिथे गेले की वेळेचं भान सुटायचं. पंपाची घरघर, पाटातून सरकणारं पाणी... अर्ध्या गप्पा आम्ही डोळे मिटूनच मारल्या असतील.

समुद्र जवळ, म्हणून उन्हाळा वाढला की विहिरीचं पाणी खारं होऊ लागायचं. पानवेलीच्या मुळाशी ते गेलं की वेल गेलीच. एका उन्हाळ्यात बराच मळा असा बसला, तेव्हा हर्षानं विहिरीत खारेपणा मोजणारा सेन्सर सोडला. सेन्सर वाचणारा प्रोग्रॅम पायथनमध्ये, पंप थांबवायचा की नाही ते ठरवणारा जावामध्ये आणि मावशींच्या मोबाइलवर निरोप दाखवणारा जावास्क्रिप्टमध्ये.

"एका विहिरीला तीन भाषा? डोकं ठिकाणावर आहे ना?" मी विचारलं.

"तिन्हींची टेस्टिंग फ्रेमवर्क शेजारी शेजारी ठेवून बघायचीत मला. असं निमित्त परत कधी मिळणार?"

फ्रेमवर्क म्हणजे टेस्ट लिहायची तयार चौकट. पाणी खारं झालं की पंप थांबला पाहिजे, ही एकच टेस्ट तिनं तिन्हींत लिहिली आणि मग कित्येक रविवार आम्हाला दुसरा विषय नव्हता. जावाचं जेयुनिट म्हणजे शिस्तीचं घर. टेस्टच्या आधी मांडामांड, नंतर आवराआवर, जिथली वस्तू तिथे. पायथनचं पायटेस्ट मोकळ्या स्वभावाचं. एक साधं वाक्य लिहायचं, आणि टेस्ट नापास झालीच तर नेमका कुठला आकडा चुकला ते आपणहून सांगणार. जावास्क्रिप्टचं जेस्ट वाचायला सगळ्यात गोड, गोष्ट सांगितल्यासारखं. पण उत्तराची वाट बघ असं बजावायला विसरलात, तर उत्तर यायच्या आधीच पास म्हणून मोकळं! मी पायटेस्टच्या बाजूची. हर्षा दर रविवारी पक्ष बदलायची, निव्वळ मला चिडवायला.

अशात एकदा, तिन्हीकडे हिरवं असताना, कडेच्या वेली माना टाकू लागल्या. आम्ही दोघी शहाण्या कोड तपासत बसलो. चूक सापडेना. शेवटी विहिरीवर गेलो, तर सेन्सर जांभळाच्या फांदीला टांगलेला! पोहऱ्याच्या आड येतो म्हणून मावशींनी तो वर काढून ठेवला होता. हवेत कसला खारेपणा? तो आपला शून्य सांगत होता, पंप चालत होता, आणि आमच्या टेस्ट आम्हीच रचलेल्या खोट्या आकड्यांवर आनंदात पास होत होत्या. हर्षा विहिरीच्या काठावर बसून पोट धरून हसली. म्हणाली, "तिन्ही बरी आहेत गं. पण एकालाही विहीर दिसत नाही."

तेव्हापासून तिचा नेम पडला. दर रविवारी सेन्सर वर काढायचा, बादलीत पाणी घेऊन मूठभर मीठ कालवायचं आणि सेन्सर त्यात बुडवायचा. पंप थांबायचा. सगळी वाडी एकदम गप्प व्हायची... आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून मावशींची हाक यायची, "हर्षे, मिठाचा डबा आन परत!"

गेल्या रविवारी मी पहिल्यांदाच तिच्याशिवाय तिथे गेले. मावशी चहा टाकत होत्या. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "ती होती तवर ठीक होतं, बाय. आता ह्याच्याकडं कोन बघनार? तुमचं ते यंत्र काढून ने. मळाच बंद करते मी."

 लॅपटॉपवर तिन्हीकडे हिरवंच होतं, पण त्या हिरव्याच्या भरवशावर मळा चालू ठेवा असं कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांची माझ्याकडे पाठ होती. मी फळीवरून डबा उचलला आणि विहिरीवर गेले. पाणी, मीठ, सेन्सर... हात आपोआप चालले. त्या क्षणी हर्षा मला इतकी हवी होती की बादलीतलं काही दिसेनासं झालं.

पंप थांबला. पाटातलं पाणी हळूहळू निजलं.

"हर्षे, मिठाचा डबा आन परत!"

सवयीनंच आलेली मावशींची हाक. त्यानंतर चहा उतू गेल्याचा वास तेवढा आला. मी डबा घेऊन आत गेले. मावशी पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी डबा माझ्या हातून घेतला, पुसला, फळीवर ठेवला.

"यंत्र राहू दे," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी ये. मीठ मी काढून ठेवते."